दोन मापं

माझा डावा पाय तीन नंबरचा, उजवा पाच.
दर खरेदीला दोन जोड घ्यावे लागतात,
आणि घरी आल्यावर
दोन बूट पायांत, दोन पलंगाखाली.
शेफील्डला आल्यापासून
पलंगाखाली चौदा बूट साठलेत,
एक पाऊलही न चाललेले,
आत अजून कागदाचा बोळा.

हे गाव चढाचं.
बस चुकली की चढ, दूध संपलं की चढ.
पहिल्या हिवाळ्यात नवऱ्याला म्हटलं,
तुला सपाट गाव मिळालं नाही का रे?
म्हणाला, नोकरी इथे मिळाली.
खरंच होतं. मी कॅलिपरचे पट्टे आवळले.
तो माणूस चांगला आहे,
फक्त नेहमी अर्धा चढ माझ्या पुढे असतो.

मिरजेत, एकोणिसाव्या वर्षी,
"जरा चालून दाखव गं," म्हणाल्या होत्या एक बाई,
चमचा तसाच बशीवर धरून.
खिडकीपासून दारापर्यंत नऊ शहाबादी फरश्या,
मी आदल्या रात्री मोजलेल्या.
आठवीवर पाय ओढला गेला.
कुणी काही बोललं नाही.
बशा मात्र खाली ठेवल्या गेल्या, एकेक करून.
आक्का नंतर म्हणाली,
शहाणी माणसं पायगुण बघतात, पाय नव्हे.
तिला वाटलं, ती माझी बाजू घेतेय.

इथल्या दवाखान्यात, तळघरात,
हातावरचं प्लॅस्टर पुसत एक टक्कलवाला म्हणाला,
"जरा चालून दाखवता?"
तेच वाक्य.
माझ्या पोटात बशा वाजल्या.
मी चालले.
तो चक्क जमिनीवर बसला,
गाल फरशीला टेकेल इतका वाकला,
आणि घोट्याकडे बघत राहिला,
कुठल्या चाकाचा दात झिजलाय
ते शोधणाऱ्या घड्याळजीसारखा.
"टाच आत वळतेय. दुखत असेल."
अडतीस वर्षांच्या या पायाला
लोकांनी 'बिचारा' म्हटलं होतं, 'अरेरे' म्हटलं होतं,
'दुखत असेल' कुणी म्हटलं नव्हतं.
मग त्याने विचारलं, पट्टा कुठल्या रंगाचा हवा?
मी म्हटलं, दिसणार नाही असा.
रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.
सकाळी फोन केला: लाल.

त्याच तळघराच्या बाकावर
डोरीन ऑक्सटोबी भेटली.
बार्न्सलीची, सत्तरी ओलांडलेली,
गुरुवारी बिंगो, बाकीचे दिवस कुरकुर.
मी तिच्या चेहऱ्याआधी पाय बघितले
(लोक माझ्याशी वागतात तशीच वागले).
डावा पाच, उजवा तीन.
आरशात उभी राहावी तशी मी,
फक्त गोरी, आणि तोंडाळ.

ती घरी आली.
तिला गुडघे टेकता येत नाहीत, मला वाकता येत नाही.
पलंगाच्या दोन बाजूंना दोघी बसून
तिच्या काठीने बूट बाहेर ओढत राहिलो,
विहिरीतून घागरी काढाव्यात तसे.
चौदाच्या चौदा तिच्या मापाचे.
सातही जोड घालून ती आरशापुढे वळली,
लंगडत, मान वर,
आणि म्हणाली, तपकिरी रंग भयाण आहे,
तुझी आवड म्हातारीची.

पायाशी माझं सगळं मिटलंय असं नाही.
मंडळाच्या दिवाळीला साडी अजून
एक बोट खालीच नेसते.
बर्फ पडला की त्याला शिव्या घालते, मराठीतून,
आणि रात्री त्यालाच आधी खोबरेल चोळते.

पण आता दुकानात आम्ही दोघी जातो.
पोरगी विचारते, मापं?
आम्ही एकदमच सांगायला लागतो, ती गोंधळते.
दोन जोड, चार बूट.
पलंगाखाली काही जात नाही.
रंगावरून मात्र
दुकान बंद व्हायची वेळ होईतो भांडतो.